‘येलांग स्वतःलाच थोर समजतो’ या चिनी वाक्प्रचाराचा उगम काय? मराठीत तो ‘गर्वाचे घर खाली’ असा सांगितला तर चालेल का?

प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. नाही चालणार. ‘गर्वाचे घर खाली’ या म्हणीत गर्विष्ठ माणूस शेवटी तोंडावर आपटतो. ‘ये-लांग त्स-दा’ या मूळ चिनी चार अक्षरांत आपटणं कुठेच नाही. त्यात फक्त एक जण आपल्या कोपऱ्यात बसून स्वतःला फार मोठा समजतो आहे, आणि बाहेर किती मोठं जग आहे याची त्याला वार्ताच नाही. म्हणजे हा गर्व अज्ञानातून आलेला आहे. हा धागा सुटला की भाषांतर फसतं.

अक्षरं अशी फोडायची: ‘ये-लांग’ हे एका प्राचीन मुलखाचं नाव, ‘त्स’ म्हणजे स्वतः आणि ‘दा’ म्हणजे मोठा. पुष्कळ ठिकाणी येलांग नावाचा कुणी राजा होता असं लिहिलेलं सापडतं, ते चूक आहे. ‘ये’चा सुटा अर्थ रात्र आणि ‘लांग’चा तरुण पुरुष, त्यावरून ‘रात्रीचा तरुण’ असाही अर्थ कुणी कुणी लावतात. तसंही नाही. परक्या भाषेतलं नाव कानाला जसं लागलं तसं चिनी अक्षरांत उतरवलेलं आहे, अक्षरांच्या अर्थाशी त्याचा संबंध लावू नये. हा मुलूख आजच्या ग्वेईझोउ प्रांतात होता. त्याची राजधानी नेमकी कुठे होती यावर तिथले अनेक तालुके आजही आपापला दावा सांगतात.

आता उगम. ही कथा सिमा छियान या इतिहासकाराच्या ‘शिजी’ या १३० प्रकरणांच्या ग्रंथात आहे, नैऋत्येकडच्या टोळ्यांवरच्या ११६व्या प्रकरणात. सिमा छियान स्वतः सरकारी कामगिरीवर शू प्रदेशाच्या (आजचं सिचुआन) दक्षिणेला जाऊन आलेला होता, तेव्हा या भागाबद्दल तो निव्वळ ऐकीव लिहीत नव्हता.

प्रकरणाचं पहिलंच वाक्य सांगतं की नैऋत्येत दहा-दहांनी मोजावे इतके सरदार आहेत आणि त्यांत येलांग सगळ्यांत मोठा. पहिल्याच ओळीत त्याला मोठा म्हटलंय, हे ध्यानात असू द्या.

इ.स.पू. १३५ मध्ये थांग मंग नावाचा, चीनच्या हान साम्राज्याचा अधिकारी दक्षिणेला नानयुए राज्यात गेला. राजधानी फानयू, म्हणजे आजचं ग्वांगझोउ. तिथे त्याच्या पानात एक चटणी वाढली गेली. तिचं नाव ‘जू-ज्यांग’. ही जू कोणती वनस्पती यावर भाष्यकारांचं एकमत नाही, पण त्यांच्यातले काही जण ती नागवेल-मिरीच्या कुळातली वेल मानतात. चटणी होती शू प्रदेशातली. थांग मंगने विचारलं, ही इथे कशी आली? उत्तर मिळालं, वायव्येकडून, त्सांगख नदीने. राजधानीला परतल्यावर त्याने शूच्या व्यापाऱ्यांना गाठलं. ते म्हणाले, ही चटणी फक्त आमच्याकडे होते, लोक ती चोरून येलांगच्या बाजारात नेतात, आणि येलांग त्याच नदीकाठी आहे. नदीचं पात्र तिथे शंभरेक पावलं रुंद, होडी सहज चालेल इतकं.

थांग मंगच्या डोक्यात लगेच बेत शिजला. येलांगकडे एक लाखाहून जास्त निवडक सैनिक मिळतील, त्यांना होड्यांत घालून नदीने खाली सोडलं तर नानयुएवर अचानक धाड घालता येईल. सम्राट वूने त्याला हजार माणसं आणि रसद वाहायला दहा हजारांवर हमाल देऊन पाठवलं. येलांगच्या सरदाराचं नाव दुओथोंग. थांग मंगने त्याला भेटी दिल्या, हानचा दरारा ऐकवला आणि तिथे हान अधिकारी नेमायचं ठरवून टाकलं. आजूबाजूच्या छोट्या गावांनीही मान डोलावली, पण का? त्यांना हानचं रेशीम हवं होतं, आणि रस्ता इतका बिकट की हानला इथे पाय रोवता येणारच नाहीत असा त्यांचा हिशोब होता. हिशोब अगदीच चुकीचा नव्हता. रस्ता बांधायला घेतला तो वर्षानुवर्षं पुरा होईना. दमट हवा, उपासमार आणि थकवा यांनी खूप माणसं मेली, आणि काम शेवटी थांबवावं लागलं.

मूळ वाक्य आलं ते यानंतर, आणि त्याचं कारण आहे भारत. मराठी वाचकाला हे मुद्दाम सांगायला हवं, कारण या वाक्प्रचाराच्या बहुतेक माहितीत हा भाग गाळलेला असतो.

इ.स.पू. १२२ मध्ये पश्चिमेकडे जाऊन आलेला हान दूत झांग छियान याने सम्राटाला सांगितलं की दाश्या देशात, म्हणजे बॅक्ट्रियात, आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडे, आपण शू प्रदेशातलं कापड आणि छ्योंग भागातल्या बांबूच्या काठ्या पाहिल्या. तिथल्या लोकांना विचारलं तर ते म्हणाले, आम्ही हा माल शन्दूहून आणतो. शन्दू म्हणजे सिंधू, म्हणजे आपण. झांग छियानने ताडलं की शूचा माल भारतात पोचतो, तर शूहून भारतात जायची नैऋत्येची वाट असलीच पाहिजे, आणि ती उत्तरेकडच्या श्योंगनू टोळ्यांना चुकवून जाईल. सम्राटाने वांग रानयू, बो शिछांग आणि ल्यू युएरन या तिघांना ती वाट शोधायला धाडलं.

हे दूत दिएन राज्यात पोचले. दिएन म्हणजे आजच्या युनान प्रांतात, कुनमिंगजवळच्या तळ्याकाठचं राज्य. राजा छांगछियांग याने त्यांना ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांच्यासाठी पश्चिमेला वाट शोधायला दहा-बारा तुकड्या रवाना केल्या. वर्षभर खटपट चालली. पुढे कुनमिंग नावाच्या टोळ्यांनी (त्या तेव्हा आजच्या कुनमिंग शहराच्या पश्चिमेला राहत) सगळ्या वाटा अडवल्या, आणि भारतापर्यंत एकही दूत पोचला नाही.

याच मुक्कामात दिएनच्या राजाने हान दूतांना विचारलं: ‘हान शू यू वो दा?’

पाच अक्षरं आहेत, एकेक करून बघा. ‘हान’ म्हणजे ते साम्राज्य. ‘शू’ म्हणजे कोण (हा शू प्रदेश नव्हे). ‘यू’ने तुलना जोडली जाते. ‘वो’ म्हणजे मी, आणि ‘दा’ म्हणजे मोठा. मराठीत: ‘हान आणि मी, मोठं कोण?’ तो ‘माझा देश’ म्हणत नाही, ‘मी’ म्हणतो, राजे बोलतात तसं. आणि तो विचारतो आहे.

त्यापुढे सिमा छियानचं वाक्य आहे: येलांगच्या सरदाराचंही तसंच. आणि लगोलग कारण दिलं आहे: ‘वाट खुली नसल्यामुळे प्रत्येक जण स्वतःला एकेका मुलखाचा धनी समजत होता, हान किती विस्तीर्ण आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.’

आता यातून तीन गोष्टी निघतात, आणि माझ्या मते वाक्प्रचार समजायला त्याच खऱ्या महत्त्वाच्या आहेत.

पहिली, प्रश्न विचारला दिएनच्या राजाने. येलांगचं नाव शेपटासारखं मागून आलं. तरी बदनामी येलांगच्या माथी आहे. येलांगच का उचललं गेलं याचं पक्कं उत्तर ग्रंथात नाही. मला वाटतं, प्रकरणाच्या पहिल्याच ओळीतला ‘येलांग सगळ्यांत मोठा’ हा शब्दप्रयोग लोकांच्या डोक्यात बसला असावा.

दुसरी, मुळात प्रश्न होता, वाक्प्रचाराने त्याचा दावा करून टाकला. ‘मोठं कोण?’ असं विचारणारा निदान विचारतो तरी. ‘त्स-दा’ने त्याचं तोंड बंद करून ‘मीच मोठा’ असं त्याच्या तोंडी घातलं.

तिसरी, सिमा छियान दोष देतो तो वाटेला. ज्या प्रकरणात रस्ता बांधताना माणसं मेल्याचं लिहिलंय, त्याच प्रकरणात तो ‘वाट खुली नव्हती’ म्हणतो, तेव्हा ते नुसतं बोलायचं म्हणून नाही. आणि अज्ञान दोन्हीकडे होतं. शूचं कापड भारतमार्गे बॅक्ट्रियापर्यंत जात होतं, चटणी फानयूपर्यंत पोचत होती, पण हानच्या दरबाराला यातल्या एकाही वाटेचा पत्ता नव्हता. व्यापाऱ्यांना सगळं ठाऊक होतं. दिएनच्या राजांच्या थडग्यांत कांस्याच्या पिंपांत भरून ठेवलेल्या समुद्री कवड्या सापडल्या आहेत, आणि दिएन समुद्रापासून शेकडो मैल आत. प्रकरणाच्या शेवटी सिमा छियान लिहितो की दक्षिणेकडच्या टोळ्यांचं हे सगळं प्रकरण सुरू झालं ते फानयूला पाहिलेल्या चटणीवरून आणि बॅक्ट्रियात पाहिलेल्या काठीवरून. इतक्या मोठ्या राजकारणाचं मूळ त्याने चटणी आणि काठीत दाखवलं, हे मला फार आवडतं.

येलांग किती मोठा होता? थांग मंगने लाखभर सैनिक सांगितले, पण त्याला सम्राटाकडून मोहीम मंजूर करून घ्यायची होती, म्हणून तो आकडा जपून घ्यावा. इ.स. २ च्या शिरगणतीत, येलांगचा भाग ज्यात आला त्या त्सांगख परगण्याची लोकसंख्या बायकामुलांसकट साधारण दीड लाख नोंदली आहे. पूर्ण साम्राज्याची पाच कोटींवर. नोंदणीतून डोंगरातले लोक सुटले असतील हे धरलं, तरी तुलना स्पष्ट आहे.

नंतरचं थोडक्यात. इ.स.पू. १११ मध्ये हानने नानयुए जिंकलं, येलांगचा सरदार दरबारी हजर झाला आणि त्याला ‘राजा’ ही पदवी मिळाली. इ.स.पू. १०९ मध्ये दिएनही शरण आला. नैऋत्येतल्या शेकडो सरदारांपैकी राजमुद्रा मिळाली ती या दोघांनाच. दिएनची मुद्रा १९५६ मध्ये कुनमिंगजवळ जिनिंग इथल्या शिझायशान टेकडीवरच्या थडग्यात सापडली: सोन्याची, बाजू अडीच सेंटिमीटरला जरा कमी, मुठीच्या जागी वेटोळं घातलेला साप, खाली चार अक्षरं ‘दिएनच्या राजाची मुद्रा’. वजन नव्वद ग्रॅमच्या आसपास. येलांगची मुद्रा अजून हाती लागलेली नाही.

येलांगच्या गर्वाचा पुरावा हवाच असेल, तर तो आणखी ऐंशीएक वर्षांनी, दुसऱ्या एका इतिहासग्रंथात मिळतो. इ.स.पू. २७च्या सुमारास येलांगचा राजा शिंग शेजारच्या दोन सरदारांशी लढत होता. दरबाराने समेटासाठी माणूस पाठवला. यांनी ऐकलं तर नाहीच, उलट हान अधिकाऱ्यांच्या लाकडी बाहुल्या कोरल्या, रस्त्याच्या कडेला उभ्या केल्या आणि त्यांच्यावर बाण मारले. मग त्सांगखचा राज्यपाल छन ली मोजक्या माणसांनिशी आला, शिंगला बोलावून घेतलं, सुनावलं आणि तिथेच त्याचं डोकं उडवलं. तोपर्यंत वाट खुली झाली होती आणि हान केवढं आहे हे शिंगला चांगलं ठाऊक होतं. मराठीत याला माज म्हणतात. पण वाक्प्रचार या प्रसंगावरून आलेला नाही, आणि या प्रसंगाला तो लागूही पडत नाही.

चार अक्षरांचं हे घट्ट रूप फार उशिरा दिसतं. पू सोंगलिंग (१६४०–१७१५) याच्या एका कथेत वाऱ्यावर आरोपपत्र आहे, त्यात वारा उधळलेल्या ढगांवर स्वार होऊन ‘येलांगसारखा स्वतःला मोठा’ समजतो असं म्हटलंय, आणि जोडीला पिवळ्या नदीच्या देवाचं नाव घेतलंय. ती जोडी उगाच नाही. च्वांग्झ या प्राचीन तत्त्वज्ञाच्या जुन्या गोष्टीत हा नदीचा देव पुराच्या पाण्यावर फुगतो आणि समुद्र बघितल्यावर ओशाळतो.

त्याच गोष्टींच्या प्रकरणात विहिरीतला बेडूकही आहे, पूर्व समुद्राच्या कासवाला आपली विहीर बघायला बोलावणारा. त्यावरून ‘जिंग-दी झ वा’, विहिरीच्या तळचा बेडूक. आपला कूपमंडूक शब्दशः तोच. मग येलांगला कूपमंडूक म्हणून मोकळं व्हावं का? बरंच जुळतं, पण एक फरक उरतो. बेडकाचा भर नजर आखूड असण्यावर आहे, गर्व असेल-नसेल. येलांगचा भर स्वतःला मोठं ठरवण्यावर आहे. चिनी लेखकांना दोन्ही एकदम हवं असलं की ते दोन्ही वापरतात. मा युआन या सेनानीने छंगदूत स्वतःला सम्राट म्हणवणाऱ्या गोंगसुन शूबद्दल म्हटलं होतं, ‘तो विहिरीतला बेडूक आहे आणि उगाच स्वतःला थोर मानतो.’ त्यातून ‘वांग त्स त्सुन-दा’ हा आणखी एक वाक्प्रचार रुळला. तो येलांगचा जवळचा भाऊ, फक्त त्यात अज्ञान असायलाच हवं असं नाही.

वापरताना लोक कुठे चुकतात ते आता सांगतो. सर्वांत मोठी चूक म्हणजे खरोखर गुणी पण गर्विष्ठ माणसाला हा वाक्प्रचार लावणं. एखादी मोठी गायिका ताठ्याने वागते, तिला ‘येलांग’ म्हणता येत नाही, कारण तिचं मोठेपण खरं आहे. तिथे चिनीत ‘शृ-त्साय आओ-वू’ येईल: अंगच्या गुणाच्या जोरावर इतरांना तुच्छ लेखणं. यश डोक्यात गेलेल्याला साधं ‘ज्याओ-आओ त्स-मान’. आणि चालण्या-बोलण्यातला तोरा दाखवायचा असेल तर ‘झ-गाओ छी-यांग’, पाय उंच टाकत चालणारा. ते एका जुन्या सेनापतीच्या चालीवरून आलं. ती चाल पाहूनच एकाने सांगितलं होतं की हा हरणार, आणि तो हरला.

दुसरी चूक, नम्रता दाखवायला स्वतःबद्दल वापरणं. हा शब्द निंदेचा आहे. ‘आपण येलांगसारखं वागू नये’ असं आपल्या गटाला बजावताना चालतो, अग्रलेखांत तसा तो पुष्कळ येतो. समोरच्याला थेट ‘ब्ये ये-लांग त्स-दा’ म्हटलं, तर ‘उगाच स्वतःला शहाणा समजू नकोस’ इतकं ते झोंबतं. वडीलधाऱ्यांशी बोलताना तर नकोच.

आणि ग्वेईझोउच्या माणसासमोर जरा जपून. त्या प्रांताच्या गळ्यात आणखी एक वाक्प्रचार पडला आहे: ‘छियान-लू जी-छ्योंग’, छियानच्या गाढवाच्या युक्त्या संपल्या. छियान हे ग्वेईझोउचंच जुनं नाव. लिउ झोंगयुआन (७७३–८१९) याच्या बोधकथेत गाढव एक लाथ मारतं, वाघाला कळतं की याला एवढंच येतं, आणि तो त्याला खाऊन टाकतो. पण कथेची पहिलीच ओळ सांगते की छियानमध्ये गाढवं नव्हतीच, कुणीतरी होडीत घालून बाहेरून आणलं. गाढव बाहेरचं, आणि प्रश्न विचारणारा राजा शेजारच्या युनानचा. नाव दोन्हीकडे ग्वेईझोउचं खराब.

आता तुमच्या भाषांतराचं. मराठीत याला एकच जोडी नाही, वाक्य बघून निवडावं लागतं. एखादी कंपनी किंवा गाव आपल्या छोट्या वर्तुळात पहिला नंबर पटकावून जगाला कमी लेखत असेल, तर ‘डबक्यातल्या बेडकासारखं स्वतःला थोर समजणं’ हे सर्वांत जवळ जातं, कारण त्यात अज्ञान आणि मोठेपणा दोन्ही येतात. थोडंसं कळल्यावर मिरवणाऱ्याला ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं’ बसतं. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ मात्र टाळा. ती म्हण भोवतालचे अडाणी आहेत म्हणून एखादीला मिळालेल्या मोठेपणाबद्दल आहे, तिथे गाय स्वतःबद्दल काहीच म्हणत नाही. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ही नको, त्यात आवाज आहे, तुलना नाही.

मजकूर इतिहासाचा किंवा चीनबद्दलचा असेल, तर मी मूळ नाव ठेवतो आणि पहिल्यांदा येताना एवढं जोडतो: ‘येलांग, बाहेरचं जग न पाहिल्यामुळे स्वतःलाच सर्वांत मोठा समजणारा डोंगरातला छोटा मुलूख’. एकदा हे दिलं की पुढे नुसतं ‘येलांगी तोरा’ म्हटलं तरी वाचकाला कळतं.